अफगाणिस्तान राष्ट्रीय संगीत संस्था

अफगाणिस्तान राष्ट्रीय संगीत संस्था ही अफगाण आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताचे शिक्षण देणारी संस्था आहे. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'ॲनिम' या संक्षिप्त नावानेही ओळखली जाते. संगीतशास्त्रज्ञ अहमद नासर सरमस्त यांच्या पुढाकाराने २०१० साली काबूल येथे तिचे औपचारिक उद्घाटन झाले. अनाथ व रस्त्यावर काम करणारी मुले तसेच मुली यांना प्रवेशात दिलेले विशेष स्थान, मुलामुलींचे सहशिक्षण आणि अफगाण व पाश्चात्त्य वाद्यांचे एकत्र वादन ही संस्थेची ठळक वैशिष्ट्ये होत. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूलचा ताबा घेतल्यानंतर संस्थेचे विद्यार्थी, शिक्षक व कर्मचारी देशाबाहेर पडले. पोर्तुगालने त्यांना सामूहिक आश्रय दिला आणि तेव्हापासून संस्थेचे कार्य तेथून चालते. २०१८ साली संस्थेला व सरमस्त यांना स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार मिळाला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अफगाणिस्तानातील नागरी संगीत मध्य आशियाई, इराणी आणि हिंदुस्थानी परंपरांच्या संगमातून घडले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमीर शेर अली खान यांच्या कारकिर्दीत भारतातील गायक-वादक काबूलच्या दरबारात आले. जुन्या शहरातील खराबात या मोहल्ल्यात ते स्थायिक झाले आणि पुढे त्यांच्या वंशजांनी काबूलच्या अभिजात गायकीला आकार दिला. त्यामुळे राग, ताल, उस्ताद आणि शागिर्द हे शब्द अफगाण संगीतातही रुळलेले आढळतात. काबूलचे विख्यात गायक उस्ताद मोहम्मद हुसैन सराहंग यांनी पतियाळा घराण्याच्या उस्ताद आशिक अली खान यांच्याकडे तालीम घेतली होती.

विसाव्या शतकाच्या मध्यास काबूल रेडिओ हे देशाच्या संगीतजीवनाचे केंद्र बनले. रेडिओच्या वाद्यवृंदांत रबाब व तबल्याच्या जोडीला पाश्चात्त्य वाद्येही वाजू लागली. नभोवाणीमुळे स्त्रियांचा गाता आवाजही घराघरांत पोहोचला. सरमस्त यांचे वडील उस्ताद सलीम सरमस्त हे याच काळातील नामवंत संगीतकार व वाद्यवृंद-संचालक होते.

१९७८ नंतरच्या सततच्या संघर्षात ही परंपरा विस्कळीत झाली. १९९२ ते १९९६ या काळातील यादवी युद्धात खराबात मोहल्ला उद्ध्वस्त झाला. तेथील अनेक कलावंतांनी पेशावर व अन्य शहरांत आश्रय घेतला. १९९६ ते २००१ या पहिल्या तालिबान राजवटीत संगीतावर बंदी होती. वाद्ये फोडली जात, ध्वनिफिती जप्त होत आणि फितींची भेंडोळी तपासणी नाक्यांवर लटकवली जात. उस्तादाकडून शागिर्दाकडे मौखिक रीतीने जाणाऱ्या कलेच्या दृष्टीने हा खंड विशेष घातक ठरला. लिखित संहिता नसलेल्या संगीतात शिकवणारी एक पिढी परागंदा झाली, तर पुढच्या पिढीला ते मिळवण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.

स्थापना

अहमद नासर सरमस्त यांचा जन्म १९६२ साली काबूल येथे झाला. त्यांनी मॉस्को येथे संगीतशास्त्राचे शिक्षण घेतले. मायदेशातील युद्धामुळे ते १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात स्थलांतरित झाले आणि मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून २००५ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. अफगाण संगीतशिक्षणाच्या पुनरुज्जीवनाची योजना घेऊन ते २००८ मध्ये काबूलला परतले. तेथील जुन्या संगीतशाळेची इमारत जीर्ण झाली होती, तसेच वाद्ये व प्रशिक्षित शिक्षक यांचाही तुटवडा होता.

अफगाण शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत या शाळेची पुनर्रचना करण्यात आली. जागतिक बँकेसह अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी व परदेशी सरकारांनी आर्थिक साहाय्य दिले. जर्मनीतील वाद्यविक्रेत्यांच्या संघटनेच्या आणि अमेरिकेतील वाद्यउद्योगाच्या मदतीने काही टन वजनाची वाद्ये काबूलला पोहोचली. जून २०१० मध्ये संस्थेचे औपचारिक उद्घाटन झाले.

प्रवेश व शिक्षणपद्धती

विद्यार्थ्यांची निवड सांगीतिक कल पाहून केली जाई. मात्र निम्म्या जागा अनाथ मुले आणि रस्त्यावर वस्तू विकून कुटुंबाला हातभार लावणारी मुले यांच्यासाठी ठेवण्याचे धोरण होते. रस्त्यावर काम करणारे मूल शाळेत येऊ लागले की घराचे तेवढे उत्पन्न बुडते. ही अडचण ध्यानात घेऊन अशा मुलांच्या कुटुंबांना अल्पसा मासिक निर्वाहभत्ता दिला जाई. कालांतराने विद्यार्थिसंख्या सुमारे २५० झाली आणि तीत मुलींचे प्रमाण जवळपास एक-तृतीयांश होते.

शिक्षण दुहेरी स्वरूपाचे होते. गणित, विज्ञान, भाषा, धर्मशिक्षण इत्यादी शालेय विषयांबरोबरच वादन, संगीताची उपपत्ती, स्वरलेखन, श्रवणाभ्यास आणि समूहवादन शिकवले जाई. अफगाण विभागात रबाब, घिचक, तंबूर, दुतार, दिलरुबा व तबला, तर पाश्चात्त्य विभागात पियानो, व्हायोलिन, चेलो, बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आदी वाद्ये होती. सतार आणि सरोद ही भारतीय वाद्येही अभ्यासक्रमात होती व त्यांसाठी भारतीय शिक्षक काबूलमध्ये येऊन शिकवत. अफगाण उस्ताद आणि निरनिराळ्या देशांतून आलेले शिक्षक एकाच आवारात अध्यापन करीत.

दोन शिक्षणपद्धतींचा मेळ घालणे हे संस्थेपुढील मुख्य शैक्षणिक आव्हान होते. परंपरेत शागिर्द उस्तादासमोर बसून, ऐकून आणि पुन्हापुन्हा वाजवून शिकतो. शिष्यत्व स्वीकारताना हाताला दोरा बांधण्याचा विधी असतो व तो हिंदुस्थानी संगीतातील गंडाबंधनाशी मिळताजुळता आहे. वाद्यवृंदातील वादकाला मात्र समोरची स्वरलिपी वाचून इतरांबरोबर नेमक्या क्षणी वाजवावे लागते. संस्थेत पारंपरिक वाद्यांच्या विद्यार्थ्यांनाही स्वरलिपी शिकवण्यात आली, तर पाश्चात्त्य वाद्यांच्या विद्यार्थ्यांना अफगाण रचना व ताल यांची ओळख करून देण्यात आली.

रबाब आणि संयुक्त वाद्यवृंद

रबाब हे अफगाणिस्तानचे राष्ट्रीय वाद्य मानले जाते. ते तुतीच्या लाकडाचे खोड कोरून तयार करतात व खालच्या पोकळ भागावर कातडे ताणून बसवतात. तीन मुख्य तारांखेरीज त्याला षड्जाचा आधार देणाऱ्या तारा व तरफेच्या तारा असतात. सरोदाची उत्पत्ती अफगाण रबाबापासून झाली, असे संगीत-इतिहासकार सामान्यतः मानतात. रबाब बनवण्याची व वाजवण्याची कला युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समाविष्ट केली. ही नोंद अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान व उझबेकिस्तान या देशांच्या नावे संयुक्तपणे झाली आहे.

संस्थेच्या 'अफगाण युवा वाद्यवृंदा'त रबाब, तबला, सतार ही वाद्ये व्हायोलिन, चेलो व सुषिरवाद्ये यांच्यासह वाजतात. अशा संयोगात काही तांत्रिक प्रश्न उद्भवतात. अफगाण संगीत मूलतः एका स्वरपंक्तीने चालणारे आहे आणि त्यात पाश्चात्त्य स्वरसंवादाला स्थान नाही. रबाबाचा आवाज वाद्यमेळ्यात सहज दबतो, शिवाय तरफेच्या तारा ठरावीक स्वरांत लावलेल्या असल्यामुळे मूळ स्वर बदलणे कठीण जाते. त्यामुळे वाद्यवृंदासाठी रचना करताना पारंपरिक वाद्यांना झेपेल असा स्वर निवडणे, त्यांच्या वादनावेळी इतर वाद्यांचा भार कमी करणे आणि सात मात्रांच्या 'मोगली'सारख्या तालांची चाल सांभाळणे आवश्यक ठरते. मोगली हा ताल हिंदुस्थानी रूपकाशी साम्य असणारा आहे.

अमेरिकन व्हायोलिनवादक विल्यम हार्वी हे २०१० पासून काही वर्षे संस्थेत अध्यापक व वाद्यवृंद-संचालक होते. अँटोनियो विवाल्डी यांच्या 'चार ऋतू' या प्रसिद्ध रचनेवर आधारित व अफगाण वाद्यांना सामावून घेणारी संहिता त्यांनी तयार केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये युवा वाद्यवृंदाने वॉशिंग्टनचे केनेडी सेंटर आणि न्यू यॉर्कचे कार्नेगी हॉल येथे कार्यक्रम सादर केले. या दौऱ्यात अमेरिकन विद्यार्थी-वादकही त्यांच्यासह मंचावर होते. सरावाच्या काळात दोन्ही देशांच्या मुलांना एकमेकांच्या रचना शिकाव्या लागल्या.

जोहरा वाद्यवृंद

'जोहरा' हा केवळ मुली व तरुणींचा वाद्यवृंद आहे. फारसी साहित्यात जोहरा हे शुक्र ग्रहाचे व संगीताच्या अधिष्ठात्री देवतेचे नाव आहे. मुलींचा स्वतंत्र गट असावा, अशी सूचना एका विद्यार्थिनीने केली आणि २०१४ पासून त्यातून हा वाद्यवृंद आकारास आला.

वाद्यवृंदाच्या संचालिका नेगीन खपलवाक या मूळच्या कुनार प्रांतातील होत. लहानपणी शिक्षणासाठी त्यांना काबूलमधील बालगृहात ठेवण्यात आले होते. मुलीने संगीत शिकण्यास नातेवाइकांचा तीव्र विरोध असतानाही वडिलांनी त्यांना पाठिंबा दिला. वाद्यवृंदाचे संचालन करणाऱ्या पहिल्या अफगाण स्त्रियांत त्यांची गणना होते. अनेक विद्यार्थिनींची परिस्थिती अशीच होती. काहींना वाद्य घरी नेणे शक्य नसे, तर काहींना गावी गेल्यावर आपण काय शिकतो हे लपवावे लागे.

जानेवारी २०१७ मध्ये जोहराने स्वित्झर्लंडमधील दावोस येथे जागतिक आर्थिक मंचाच्या वार्षिक परिषदेच्या समारोपात वादन केले. त्यानंतर स्वित्झर्लंड व जर्मनीतील अन्य शहरांतही त्यांचे कार्यक्रम झाले.

हल्ला व विरोध

११ डिसेंबर २०१४ रोजी काबूलमधील इस्तिकलाल विद्यालयाच्या आवारातील फ्रेंच सांस्कृतिक केंद्रात संस्थेच्या विद्यार्थ्यांचा सहभाग असलेला नाट्यप्रयोग सुरू होता. आत्मघातकी हल्ले हाच त्या प्रयोगाचा विषय होता. प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहात आत्मघातकी स्फोट झाला व एका जर्मन नागरिकाचा मृत्यू झाला. सरमस्त यांच्या डोक्यात स्फोटकाचे तुकडे घुसले आणि त्यांची श्रवणशक्ती गेली. ऑस्ट्रेलियात शस्त्रक्रिया झाल्यावर ती अंशतः परत मिळाली. तालिबानने हल्ल्याची जबाबदारी स्वीकारली. उपचारांनंतर सरमस्त पुन्हा काबूलमध्ये रुजू झाले.

संगीताला होणारा विरोध केवळ सशस्त्र गटांपुरता मर्यादित नव्हता. मार्च २०२१ मध्ये, तत्कालीन प्रजासत्ताक सरकारच्या काळातच, काबूलच्या शिक्षण विभागाने बारा वर्षांवरील मुलींना सार्वजनिक कार्यक्रमांत गाण्यास मनाई करणारे पत्र काढले. त्याविरुद्ध सरमस्त यांनी समाजमाध्यमांवर मोहीम सुरू केली. अफगाण मुली व स्त्रियांनी स्वतः गातानाच्या चित्रफिती प्रसिद्ध केल्या आणि सरकारला तो आदेश मागे घ्यावा लागला.

काबूलमधून बाहेर पडणे

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूलमध्ये प्रवेश केला, तेव्हा सरमस्त ऑस्ट्रेलियात होते. शाळा बंद झाली आणि तिच्या आवारात सशस्त्र लोकांचा वावर सुरू झाला. ऑगस्टअखेर बगलान प्रांतातील अंदराब खोऱ्यात लोकगायक फवाद अंदराबी यांची गोळ्या घालून हत्या झाली. अनेक विद्यार्थ्यांनी व कुटुंबांनी आपली वाद्ये, प्रमाणपत्रे आणि छायाचित्रे लपवली किंवा नष्ट केली.

ऑगस्टच्या अखेरीस विद्यार्थ्यांना बसगाड्यांतून काबूल विमानतळावर नेण्याचा प्रयत्न झाला. विमानतळाच्या फाटकापर्यंत पोहोचूनही त्यांना आत जाता आले नाही व रात्रभर थांबून परतावे लागले. पुढील काही आठवडे सरमस्त व त्यांचे सहकारी पारपत्रे, प्रवासाची परवानगी आणि आश्रय देणारा देश यांसाठी निरनिराळ्या सरकारांशी वाटाघाटी करीत होते. चेलोवादक यो-यो मा यांच्यासह अनेक कलावंतांनी या कामी मदत केली.

कतार सरकारच्या साहाय्याने ३ ऑक्टोबर २०२१ रोजी १०१ जणांचा पहिला गट विमानाने दोहा येथे पोहोचला. नोव्हेंबरपर्यंत उर्वरित गटही बाहेर पडले. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी व काही कुटुंबीय मिळून एकूण २७३ जणांचा यात समावेश होता. नेगीन खपलवाक स्वतंत्रपणे देशाबाहेर पडून अमेरिकेत गेल्या.

पोर्तुगालमधील पुनर्स्थापना

पोर्तुगाल सरकारने संपूर्ण संस्थेला सामूहिक आश्रय देऊ केला. डिसेंबर २०२१ मध्ये हा समूह लिस्बनला पोहोचला व सुरुवातीचे काही महिने एका माजी लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत राहिला. २०२२ मध्ये उत्तर पोर्तुगालमधील ब्रागा व गिमाराइंस या शहरांत त्यांचे पुनर्वसन झाले. ब्रागा येथील कलुस्त गुलबेंकियन संगीतविद्यालयात विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची सोय करण्यात आली.

विस्थापनामुळे नवे प्रश्न निर्माण झाले. बहुसंख्य विद्यार्थी अल्पवयीन असून आईवडिलांविना आले होते. त्यांना पोर्तुगीज भाषा, नवा शालेय अभ्यासक्रम आणि नवे समाजजीवन एकाच वेळी आत्मसात करावे लागले. मागे राहिलेल्या कुटुंबीयांना पोर्तुगालमध्ये आणण्यासाठीची शासकीय प्रक्रिया दीर्घकाळ रेंगाळली. काही विद्यार्थी युरोपातील अन्य देशांत निघून गेले. वाद्यांचीही अडचण होती. व्हायोलिन किंवा चेलो युरोपात मिळू शकते, परंतु रबाब, घिचक यांसारखी वाद्ये, त्यांचे सुटे भाग व ती दुरुस्त करणारे कारागीर तेथे सहज उपलब्ध नाहीत.

परदेश दौरे पुन्हा सुरू झाले, तरी आश्रित म्हणून प्रवास करण्यातील अडथळे कायम राहिले. मार्च २०२४ मध्ये युवा वाद्यवृंदाच्या इंग्लंड दौऱ्यासाठी ब्रिटिश गृहखात्याने प्रथम व्हिसा नाकारले. त्यावर कलाक्षेत्रातून टीका झाल्यानंतर निर्णय बदलण्यात आला आणि लंडनच्या साउथबँक सेंटरसह अन्य शहरांत कार्यक्रम झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये वाद्यवृंदाने कार्नेगी हॉलमध्ये पुन्हा वादन केले. २०१३ साली याच सभागृहात आलेला वाद्यवृंद कार्यक्रमानंतर काबूलला परतला होता. यावेळी तो पोर्तुगालला परतला.

अफगाणिस्तानातील सद्यस्थिती

तालिबानच्या दुसऱ्या राजवटीत सार्वजनिक संगीतावर पुन्हा निर्बंध आले. जुलै २०२३ मध्ये हेरात प्रांतात गिटार, हार्मोनियम, तबला व ध्वनिवर्धक जाळण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये जारी झालेल्या नीतिविषयक कायद्यात संगीताबरोबरच सार्वजनिक ठिकाणी ऐकू येणाऱ्या स्त्रियांच्या आवाजावरही बंधने घातली गेली. मुलींच्या माध्यमिक व उच्च शिक्षणावर बंदी असल्याने संस्थेचे मूळ स्वरूप देशात पुन्हा उभे राहण्यास वाव उरलेला नाही.

मूल्यमापन

संस्थेच्या कार्याकडे सांस्कृतिक देवाणघेवाणीचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. परदेशी श्रोत्यांपुढे अफगाणिस्तानची युद्धापलीकडील ओळख मांडणे हे दौऱ्यांचे घोषित उद्दिष्ट होते. देशांतर्गत कार्यही तितकेच महत्त्वाचे होते. पश्तून, ताजिक, हजारा, उझबेक आदी भिन्न समूहांतील मुले एकाच वाद्यवृंदात बसत व परस्परांच्या प्रांतांतील गीते वाजवत. वांशिक संघर्षाचा इतिहास असलेल्या समाजात ही बाब विशेष अर्थपूर्ण होती.

संस्थेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तिचा खर्च मोठ्या प्रमाणात परदेशी निधीवर अवलंबून होता. परदेशी मंचांवरील प्रसिद्धीमुळे तिला पाठबळ मिळाले, पण त्याच प्रसिद्धीने विद्यार्थ्यांना हल्लेखोरांच्या नजरेतही आणले. वाद्यवृंदाचा साचा पाश्चात्त्य असल्याने त्यात आलापीसारख्या उत्स्फूर्त विस्ताराला मर्यादित जागा मिळते. दुसरीकडे, घरंदाज उस्तादांच्या कुटुंबांबाहेरील मुलांना, विशेषतः मुलींना, रबाबासारखे वाद्य शिकण्याची संधी अशा खुल्या शाळेमुळेच मिळाली. निर्वासनात ही परंपरा किती टिकेल, हे दुसरी पिढी परदेशात कोणाकडून आणि कोणत्या पद्धतीने शिकते यावर अवलंबून राहील.

पुरस्कार

२०१८ चा पोलर संगीत पुरस्कार संस्था व सरमस्त यांना संयुक्तपणे देण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकन रॉक संगीतसमूह मेटॅलिका हाही या पुरस्काराचा मानकरी होता. स्टॉकहोम येथे दिल्या जाणाऱ्या या सन्मानाची रक्कम २०१८ साली दहा लाख स्वीडिश क्रोनर होती. १९९८ साली तो भारतीय सतारवादक रविशंकर यांना मिळाला होता.

भारताशी संबंध

खराबातच्या परंपरेखेरीज विसाव्या शतकातही दोन्ही देशांतील कलावंतांचा संपर्क कायम होता. प्रख्यात रबाबवादक उस्ताद मोहम्मद उमर यांनी १९७४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात रबाबाचे अध्यापन केले. त्या वर्षी सिॲटल येथे झालेल्या त्यांच्या मैफलीत मुंबईचे तबलावादक झाकीर हुसेन यांनी साथ केली व तिचे ध्वनिमुद्रण २००२ साली प्रसिद्ध झाले. संस्थेतील सतार, सरोद व तबला यांचे अध्यापन हा याच दीर्घ संबंधाचा पुढील टप्पा होता.

हेही पाहा

रबाब
सरोद
पतियाळा घराणे
पोलर संगीत पुरस्कार
काबूल